बाई, तुमच्या कपाटाबद्दल थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं

प्रभू येशूच्या नावात सलाम बाई.

फोनवर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही लगेच "बरं बरं, जेवलास का" म्हणून विषय बदलता, त्यामुळं या वेळी लिहूनच टाकतोय आणि तेही सगळ्यांसमोर. सगळ्यांसमोर अशासाठी की हल्ली नवीन पाळक पोरं मला विचारतात, भाऊ काय वाचू, कुठली पुस्तकं घेऊ, सेमिनरीतनं बाहेर पडल्यापासनं वाचन सुटलंय. त्यांना मी जे काय सांगतो ते सगळं तुमच्याकडनं आलेलं आहे, ते माझ्या नावावर जमा होऊ नये असं मनापासनं वाटतं.

२०१८ चा फेब्रुवारी. ऊसतोडीचा सीझन जोरात होता आणि आपल्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, बावीस वर्षांचा पोरगा ट्रॉलीखाली गेला. मला येऊन वर्षपण झालं नव्हतं, आष्ट्याच्या पुढची ३८ घरांची मंडळी, आणि एवढ्या तरण्या पोराचं दफन मी कधीच केलं नव्हतं. आदल्या रात्री मोबाईलवर शोधून एक उपदेश काढला, थोडा इकडचा थोडा तिकडचा, आणि कबरीजवळ उभं राहून म्हटलं की देवाला आपल्या बागेसाठी एक सुंदर फूल हवं होतं. त्याच्या आईनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. फक्त बघितलं, आणि मग पदर तोंडावर ओढून घेतला. ती तुमची जुनी विद्यार्थिनी म्हणून तुम्ही सांगलीहून आला होता, मागं उभ्या होता. सगळं झाल्यावर माझ्याजवळ येऊन तुम्ही एवढंच म्हणालात, "पाळकसाहेब, बुधवारी घरी या."

चारचौघांत पाळकसाहेब आणि घरात अरे-तुरे, हे तुमचं मला त्या बुधवारी कळलं.

मारुती चौकाच्या आतल्या गल्लीतलं तुमचं घर, पुढच्या खोलीत ते पुस्तकांचं लोखंडी कपाट, दार उघडलं की डांबरगोळ्यांचा वास आणि दाराच्या आतल्या बाजूला तुमच्या साहेबांच्या हस्ताक्षरात चिकटवलेला पिवळा पडलेला कागद, बायबलमधलं वचन, २ तीमथ्य ४:१३. प्रेषित पौल तुरुंगात आहे, मरण जवळ दिसतंय, आणि आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहितो की त्रोवसात कार्पाकडं राहिलेला माझा झगा घेऊन ये आणि पुस्तकं आण, विशेष करून ती चर्मपत्रं. मी ते वचन शंभरदा वाचलं असेल पण कधी थांबलो नव्हतो. तुम्ही म्हणालात, "साहेब चौतीस वर्षं पाळक होते, पगार काय होता तुला माहितेय, तरी दर वर्षी एक पुस्तक घ्यायचेच. पौलाला शेवटच्या थंडीत लागली तर आपल्याला नकोत का?"

मला वाटलं आता दफनाच्या उपदेशावरनं बोलणी बसणार. तुम्ही चहा ठेवलात आणि मला बायबलमधल्या, लेकरंबाळं सगळं गमावलेल्या ईयोबाचा दुसरा अध्याय मोठ्यानं वाचायला लावलात, शेवटपर्यंत, ते तीन मित्र येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसतात आणि कुणी एक शब्द बोलत नाही तिथपर्यंत. मी पान उलटायला लागलो तर तुम्ही हात ठेवलात. "पुढं वाचू नको आज. इथपर्यंत ते तिघं चांगले पाळक होते." मग म्हणालात की आता महिनाभर दर बुधवारी त्या घरी जायचं आणि नुसतं बसायचं. गेलो बाई. पहिले दोन बुधवार तिनं माझ्याशी शब्द काढला नाही, तिसऱ्या बुधवारी पोराची कॉलेजची बॅग आणून माझ्यापुढं ठेवली आणि एकेक वही काढून दाखवत बसली.

तेव्हापासनं तुमचा नियम सुरू झाला, एका वेळी एकच पुस्तक, आणि ते परत केल्याशिवाय दुसरं नाही. ती शंभर पानी वही आणि त्यातले तीन रकाने, पुस्तक, तारीख आणि तिसऱ्यात "कुणासाठी". पुस्तक परत आणलं की तुम्ही कधीच विचारलं नाही समजलं का, आवडलं का. विचारायचात, "वाचताना आपल्या मंडळीतलं कोण कोण आठवलं?" आणि त्याचं उत्तर आलं नाही की पुस्तक परत माझ्याच पिशवीत. बाकीच्या पाळकांना मी पहिल्यांदा हेच सांगतो, यादी नंतर. मी तोपर्यंत रविवारसाठी वाचायचो, एखादा दाखला मिळतोय का, तीन मुद्दे निघतायत का, म्हणजे वाचतानाच माईकवर उभा असायचो. तुमच्यामुळं मी वाचताना लोकांच्या घरात जायला लागलो.

पहिलं पुस्तक तुम्ही 'स्मृतिचित्रे' दिलंत. मला खरं सांगायचं तर वाईट वाटलं होतं, म्हटलं मी ईश्वरविज्ञान शिकलेला माणूस आणि बाई मला शाळेतल्या धड्याचं पुस्तक देतायत. लक्ष्मीबाई टिळकांचं हे पुस्तक १९३४ पासनं भागाभागांनी आलं. १८९५ ला त्यांच्या नवऱ्यानं, कवी ना. वा. टिळकांनी, मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि मागं राहिलेल्या बायकोचं काय झालं, नातेवाइकांनी काय केलं, तिच्या मनातलं सोवळं कसं गळून पडलं, ती परत नवऱ्याबरोबर कशी राहायला लागली आणि मग स्वतः ख्रिस्ताकडं कशी आली, हे ती बाई इतकं खरं सांगते की कुठंही उपदेश नाही. नवऱ्याचा तापट स्वभाव, घरात पैसा न टिकणं, काही लपवत नाही आणि तरी प्रेम कमी होत नाही. मी पुस्तक परत आणलं तेव्हा म्हटलं, बाई मला माझी बायको आठवली. तुम्ही वहीत तेच लिहिलंत. मी दुसऱ्यांच्या घरी प्रार्थनेला रोज रात्री दहापर्यंत आणि ती एकटी दोन लेकरं घेऊन पाळकाच्या घरात, हे मला दिसतच नव्हतं. माझं मत आता पक्कं झालंय, मराठी पाळकानं इंग्लिश पुस्तकांच्या आधी हे वाचावं आणि नवराबायकोनं मिळून वाचावं. आणि टिळक तर आपल्या शेजारचेच, १९१७ नंतर मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला राहिले आणि तिथं 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची मोकळी संगत सुरू केली, हे सातारा-सांगलीतल्या किती पाळकांना माहितेय काय माहीत.

मग पंडिता रमाबाईंचं बायबलचं भाषांतर. हे तर तुम्ही घरी नेऊच दिलं नाही, तुमच्याच टेबलावर वाचायचं. केडगावला निराधार बायकांच्या मुक्ती मिशनचा एवढा व्याप सांभाळून त्या बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं शास्त्र साध्या मराठीत आणलं, कमी शिकलेल्या बायकांना वाचता यावं म्हणून, आणि छापखान्यात काम करणाऱ्याही तिथल्याच बायका. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या त्याच्या अगदी आधी काम पुरं झालं, छापून १९२४ ला आलं. तुम्ही शेजारी आपलं नेहमीचं पवित्र शास्त्र ठेवायचात आणि एकच परिच्छेद दोन्हीकडं वाचायला लावायचात, आणि विचारायचात की आपल्या महिला मंडळातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला यातलं कुठलं वाक्य एकदा ऐकून पोचेल. माझ्या उपदेशातले "नीतिमत्त्व" आणि "समेट" असले शब्द तिथं सुटायला लागले, म्हणजे शब्द राहिले पण त्यांच्यापुढं चार साधी वाक्यं यायला लागली.

इंग्लिशवाली पुस्तकं तुम्ही दुसऱ्या वर्षी काढलीत, डिक्शनरी शेजारी ठेवून, रोज दोन पानं. पोप ग्रेगरीचं पाळकपणावरचं पुस्तक, साधारण ५९० सालचं, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही सातशे वर्षं आधीचं. त्याचा तिसरा भाग मी आजपण उघडतो, गरिबाला एक बोध आणि श्रीमंताला वेगळा, आनंदी माणसाला एक आणि खिन्न माणसाला दुसरा, जोड्या जोड्या लावून पानंच्या पानं. एकच औषध सगळ्यांना चालत नाही हे त्याला तेव्हा कळलं होतं आणि मी रविवारी सगळ्यांना एकच गोळी देत होतो.

इंग्लंडमधला पाळक रिचर्ड बॅक्स्टर जड गेला. १६५६ सालचं पुस्तक, नुसता रागावतो तो पाळकांवर, मला तर चार दिवस झोप लागली नाही, आणि मी नवीन पाळकाला हे पहिल्या वर्षी अजिबात देत नाही, माणूस खचतो. पण त्यात एक हिशोब आहे तो मी घेतला. किडरमिन्स्टरला त्याच्याकडं आठशेच्या वर कुटुंबं, आणि तो आणि त्याचा मदतनीस सोमवार-मंगळवार लावून आठवड्याला १५-१६ कुटुंबांशी बोलायचे, वर्षात सगळा गाव पुरा. तुम्ही म्हणालात, "त्याची आठशे, तुझी अडतीस, कर भागाकार." आठवड्याला एक घर म्हटलं तरी वर्ष पुरून उरतं. तेव्हापासनं दर मंगळवारी एक घर आहे, वाढदिवस नाही, आजारपण नाही, काही कारण नसताना जायचं. पहिल्यांदा लोक घाबरायचे, पाळक आले म्हणजे वर्गणी मागायला आले.

आणि बोनहोफर, हिटलरच्या काळातला जर्मन पाळक. जर्मनीत फिंकेनवाल्डला तो पाळकांची छोटी शाळा चालवायचा, १९३७ ला गेस्टापोनं, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, ती बंद केली, आणि तिथल्या एकत्र राहण्यावरनं त्यानं जे लिहिलं ते १९३९ ला छापलं. पुढं ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिली, वय ३९. ते पुस्तक तुम्ही नेमकं कधी दिलंत ते मला आठवतं, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीत दोन गट पडले होते, भाऊबंदकी चर्चमध्ये आली होती, आणि मी तुमच्याकडं येऊन रडलो होतो की मला ही मंडळी नको, मला बदली पाहिजे. त्यात तो म्हणतो त्याचा अर्थ असा की ज्याचं प्रेम खऱ्या मंडळीपेक्षा स्वतःच्या स्वप्नातल्या मंडळीवर जास्त असतं तो असलेली मंडळी मोडून टाकतो, मग त्याचा हेतू कितीही चांगला असू दे. मी ते पान तीनदा वाचलं आणि बदलीचा अर्ज फाडला. परत केलं तेव्हा तुम्ही विचारलंत कोण आठवलं, मी दोन्ही गटांतल्या सगळ्यांची नावं सांगितली, तुम्ही सगळी लिहिलीत, रकाना पुरला नाही.

ती लीडरशिपवरची पाच पुस्तकं मी एकदा हौसेनं आणून दाखवली होती, मंडळी कशी वाढवायची, टीम कशी बांधायची. तुम्ही चाळलीत आणि म्हणालात, "यात मेंढरांची नावं नाहीत रे." त्यातलं काही उपयोगाचं असेलही, हिशोब ठेवायला, मीटिंग वेळेवर संपवायला. कपाटात मात्र तुम्ही त्यांना जागा दिली नाहीत आणि मला ते पटलं.

२०१९ च्या ऑगस्टचं लिहायलाच पाहिजे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तुम्ही मिरजेला बहिणीकडं, आणि घरात छातीएवढं पाणी. ओसरल्यावर आपण दार ढकललं तर गाळ घोट्यापर्यंत आणि कपाट एका बाजूला कललेलं. वरचा कप्पा वाचला होता, रमाबाईंचं शास्त्र कोरडं. खालचे दोन गेले होते. तुम्ही उपड्या बादलीवर बसला होता आणि मी एकेक पुस्तक तुमच्या हातात देत होतो, तुम्ही दर दहा पानांत वर्तमानपत्राचा तुकडा सरकवत होता, तो ओला झाला की काढून दुसरा, आणि टेबलफॅनसमोर पुस्तकं उभी करून पंख्यासारखी उघडून ठेवायची. गुळगुळीत कागदाची होती ती चिकटून वीट झाली, जुनी खरबरीत कागदाची वाचली. मग ती वही सापडली. शाईचं सगळं निळं पाणी झालेलं, एक नाव वाचता येईना. मला वाटलं आता तुम्हाला रडू येईल. तुम्ही आत जाऊन पिशवीतनं नवी वही काढलीत आणि तिथंच लिहायला सुरुवात केलीत, तारखा तुम्हाला आठवल्या नाहीत, पुस्तकांतली काही राहिली, पण तिसरा रकाना तुम्ही आठवून आठवून पुरा भरलात. ट्रॉलीखाली गेलेल्या पोराची आई सगळ्यात वर.

आता तुम्ही पुण्याला लेकीकडं, आणि कपाट आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत. त्याला खालून विटा लावून उंच केलंय, पुराचं काही सांगता येत नाही. डांबरगोळ्या दर दोन महिन्यांनी बदलतो. सोमवारी संध्याकाळी आजूबाजूच्या गावांतले चार पाळक येतात, एक पेंटेकॉस्टलवाला आहे, एक कॅथलिक ब्रदर, उपासनेच्या पद्धतीवरनं आमचं जमत नाही पण वहीवर जमतं. परवा त्यातल्या सगळ्यात लहानानं 'स्मृतिचित्रे' परत आणलं, मी विचारलं कोण आठवलं, तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, माझी आई, आमच्या घरात बाप्तिस्मा पहिल्यांदा मी घेतला, तिला अजून कळत नाही की मी तिच्यापासनं लांब गेलो की काय. पुस्तक मी त्याच्याकडंच परत दिलं, म्हटलं आईला वाचून दाखव.

त्यामुळं 'स्मृतिचित्रे' सध्या कपाटात नाही बाई, कधी येईल माहीत नाही. वहीत तिसऱ्या रकान्यात "आई" एवढंच लिहिलंय. पुढच्या महिन्यात पुण्याला येतोय तेव्हा वही घेऊन येतो, तुम्ही बघून घ्या.

तुमचा,
आष्ट्यापुढच्या मंडळीचा पाळक