पाऱ्याशेजारी हवेचाही आकडा छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबर लागला की आपल्या पेपरात रोज येतं, पारा ४ वर आला की ५ वर, आणि आम्ही पण सकाळच्या चहाबरोबर आधी तेच वाचतो. पण माझ्या सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, मागच्या थंडीत दोनदा अर्ध्या रात्री नेब्युलायझर लावावं लागलं, आणि डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला की घराजवळ काही जाळतात का?

जाळतात ना. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, गल्लीत झाडू मारून झाला की पाला, पन्नी, गुटख्याच्या पुड्या सगळं एका ढिगात आणि वर काडी. थंडीत पहाटे खालची हवा गार, वरची गरम, त्यामुळे धूर वर जातच नाही, किल्ल्यावरून बघा, सगळ्या शहरावर राखाडी पट्टा दिसतो. त्यातले पीएम २.५ चे कण केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढे, ते फुप्फुसात खोल जातात आणि तिथून रक्तात, म्हणून नुसता खोकलाच नाही, हार्ट अटॅक आणि लकवा पण वाढतो. २०१६ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) खराब हवेच्या शहरांच्या यादीत आपलं ग्वाल्हेर जगात दुसरं होतं, पीएम २.५ ची वर्षाची सरासरी एका घनमीटर हवेत १७६ मायक्रोग्रॅम, आपल्याकडची मर्यादा ४० असताना! मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, अजून वाटतं.

आणि या धुरातली काजळी ऊन शोषून हवा तापवते, हिमालयाच्या बर्फावर जाऊन बसली की बर्फ काळवंडून लवकर वितळतो. कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं हवेत राहतो पण काजळी आठवड्या-दोन आठवड्यात खाली बसते, म्हणजे जाळणं थांबवलं तर फरक लगेच पडतो, आपल्याच डोळ्यांदेखत. हे लोकांना कोणी सांगतच नाही.

रात्रभर बाहेर बसणाऱ्या चौकीदाराला किंवा ठेलेवाल्याला मी काही म्हणत नाही, तो थंडीने काकडतो म्हणून टायर जाळतो, त्याला सुकी लाकडं मिळायला हवीत. माझा राग कचरा उचलायचा कंटाळा म्हणून काडी लावणाऱ्यांवर आहे, त्यात आमच्याच गल्लीतली शिकलेली माणसं आहेत, बोललं की म्हणतात काय होतं एवढ्याशा धुराने.

म्हणून विनंती एवढीच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऱ्याच्या शेजारी आदल्या दिवशीचा पीएम २.५ पण छापा. शहरात मशीनं आहेत, केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या साइटवर आकडे येतात, शोधायला काही लागत नाही. सासूबाई मोबाइल बघत नाहीत, पेपर मात्र पहिल्या पानापासून वाचतात, आकडा जास्त दिसला तर पहाटे देवळात न जाता ऊन पडल्यावर दहाला जातील. आणि तो कागद घेऊन मी गल्लीत दाखवायला जाईन.

आपली एक वाचक,
लष्कर, ग्वाल्हेर