लाकडी चर्चच्या डागडुजीवर वीस टक्के कर : ब्रिटनच्या सांस्कृतिक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

मी ख्रिस्ती नाही, पण एसेक्समध्ये राहतो, इथेच मत देतो आणि वाट वाकडी करून ग्रीनस्टेडचं सेंट अँड्र्यूज चर्च बघायला जातो. पत्र मराठीत आहे. जुन्या वाड्याचं लाकूड सांभाळणं म्हणजे काय, ते आमच्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. भाषांतर तुमच्या खात्याने करून घ्यावं.

या चर्चच्या भिंती म्हणजे ओकचे उभे, मधोमध चिरलेले ओंडके. गोल बाजू बाहेर, सपाट बाजू आत. कडांना खाचा पाडून सांध्यात ओकचीच पट्टी बसवलेली, म्हणजे वारा-पाऊस आत यायला नको. पूर्वी हे लाकूड इ.स. ८४५चं मानत. १९९०च्या दशकात खोडाची वलयं पुन्हा मोजली, तेव्हा ते १०६३ नंतरच्या काही दशकांतलं निघालं. वय दोनशे वर्षांनी उतरलं खरं, पण इतकं जुनं लाकडी चर्च इंग्लंडात दुसरं नाही.

खालची टोकं कुजली होती. १८४८च्या सुमारास तेवढीच कापली आणि वरचा भाग विटांच्या जोत्यावर बसवला. आपल्याकडचा सुतारही हेच करतो. वेदीकडचा भाग मात्र ट्युडर राजांच्या काळातल्या विटांचा. मजुरांची संघटना केली म्हणून १८३४ मध्ये ऑस्ट्रेलियाला हद्दपार झालेल्या टॉलपडलच्या सहा शेतमजुरांपैकी जेम्स ब्राइन माफीनंतर याच गावात राहिला आणि १८३९ मध्ये याच चर्चमध्ये त्याचं लग्न लागलं. तुमच्या देशाचा हाही इतिहास या भिंतींनी पाहिला आहे.

आता मुद्द्याचं. नवं घर बांधलं तर व्हॅट शून्य. अशा वास्तूच्या डागडुजीवर मात्र २० टक्के. २००१ पासून तो कर पूर्ण किंवा काही अंशी अनुदानरूपाने परत मिळायचा, २०२५ मध्ये त्यावर वर्षाला २५,००० पौंडांची मर्यादा आली. आणि छप्पर गळायला लागलं की खर्चाचा बोजा पडतो तो गावातल्या मूठभर लोकांवर. एका हाताने वारसा म्हणून यादीत घालायचं, दुसऱ्या हाताने कर घ्यायचा, हे मला पटत नाही. अनुदानाचं राहू द्या; संरक्षित प्रार्थनास्थळांच्या डागडुजीवरचा व्हॅटच काढून टाका.

निर्णयाआधी एकदा येऊन जा. चिपिंग ऑंगरपासून शेतातून मैलभराची पायवाट आहे.

आपला,
एक एसेक्सकर मराठी