पदक छापता तसा ड्रॉ पण छापा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

आपल्या पेपरात अधूनमधून बातमी येते, अमुक तालुक्याच्या मुलीला आंतरराष्ट्रीय किकबॉक्सिंग स्पर्धेत ब्राँझ, शेजारी हार घातलेला फोटो, आमदार साहेबांचं अभिनंदन, संपली बातमी. वाचून बरंच वाटतं, मराठवाड्यातलं लेकरू एवढ्या लांब जाऊन खेळतंय ही काही छोटी गोष्ट नाही. पण त्या पोरीनं रिंगमध्ये नेमकं काय केलं ते मात्र कळत नाही. वजनगट कोणता, फाइट किती झाल्या, हरली तर कुणाकडून, एका शब्दानं नाही. माझी पुतणी परभणीत हा खेळ खेळते, तिच्यामुळं मला यातलं समजायला लागलं, आणि समजायला लागल्यापासून या बातम्या वाचून जीव तुटतो.

या स्पर्धा नॉकआउट असतात, हरलं की बॅग भरायची. 8 खेळाडू असले की 7 फाइट, 16 असले की 15, कारण प्रत्येक फाइटला एक जण बाहेर पडतो आणि शेवटी एकच उरतो. आता एन्ट्री काही मोजून 8 किंवा 16 येत नाहीत, 11 आल्या तर कोण कुणाशी लढणार याचा चार्ट, म्हणजेच ड्रॉ, 16 चाच करतात आणि 5 जणांना बाय मिळतो, म्हणजे न खेळताच पुढची फेरी. आणि जगभरातल्या किकबॉक्सिंगची जी मोठी संघटना आहे, वाको, जिला ऑलिंपिक समितीनं 2021 मध्ये पूर्ण मान्यता दिली, तिच्या स्पर्धेत सेमीफायनल हरणाऱ्या दोघांनाही ब्राँझ देतात, तिसऱ्या नंबरसाठी वेगळी फाइट होत नाही. आता तुम्हीच हिशोब लावा, एखाद्या गटात 5 च एन्ट्री असल्या तर बाय मिळालेली मुलगी एकही फाइट न जिंकता ब्राँझ घेऊन येऊ शकते, आणि 32 जणींच्या गटात दोन तगड्या पोरींना हरवून तिसरीकडून क्वार्टरफायनलमध्ये हरलेली रिकाम्या हातानं गावी येते. पहिलीचा फोटो छापून येतो, दुसरीचं नाव पण नाही! ब्राँझवालीचा यात काही दोष नाही, ड्रॉ तिनं थोडाच काढला होता, पण दुसरीवर हा अन्याय आहे की नाही सांगा.

आपल्याकडं जत्रेतल्या कुस्तीमुळं लोकांना कुस्तीचे नियम तोंडपाठ, रेपेचाज पण माहीत झालाय. 2008 ला बीजिंगमध्ये सुशील कुमार पहिलीच कुस्ती हरला, पण त्याला हरवणारा फायनलला गेला म्हणून त्याला परत संधी मिळाली आणि त्यानं ब्राँझ आणलं, 2016 ला रिओत साक्षी मलिक क्वार्टरफायनल हरली, तिलाही अशीच परत संधी मिळून ब्राँझ आलं. किकबॉक्सिंगमध्ये ही सोय नसते. पहिल्याच फाइटला जगातली एक नंबरची समोर आली तर तिथंच खेळ खल्लास. म्हणून 'पहिल्याच फेरीत गारद' असं छापण्याआधी समोर कोण होतं ते तरी बघा.

प्रोफेशनलचं तर अजून अवघड. जपानमध्ये 1993 ला के-वन ग्रां प्री ही स्पर्धा सुरू झाली, पहिली क्रोएशियाच्या ब्रांको सिकातिचनं जिंकली, तिथं शेवटचे 8 जण एकाच रात्री क्वार्टर, सेमी आणि फायनल खेळायचे. 3 मिनिटांचे 3 राउंड, बरोबरी झाली तर एक्स्ट्रा राउंड, कोपर चालत नाही पण गुडघा चालतो. पहिली फाइट जिंकली तरी मांडीवर किका खाऊन पाय सुजलेला असतो, कॉर्नरवाले बर्फ लावत बसतात आणि तासाभरात दुसऱ्यासमोर उभं राहायचं. सेम्मी स्किल्ट या डच फाइटरनं 2009 ला तिन्ही फाइट पहिल्याच राउंडमध्ये संपवल्या, असं जमलं तर माणूस फायनलला ताजा राहतो. आणि 2002 चं बघा, अर्नेस्तो हूस्त क्वार्टरफायनलला बॉब सॅपकडून हरला, पण सॅपचा हात मोडला, तो पुढं खेळू शकला नाही, म्हणून हूस्तला परत बोलावलं आणि त्यानं त्याच रात्री सेमी आणि फायनल जिंकून चौथं टायटल घेतलं. दुखापतीसाठीच तिथं रिझर्व्ह फाइटर पण तयार ठेवतात. नुसतं 'हूस्त विजेता' एवढं छापलं तर यातलं काय कळणार?

अजून एक, किकबॉक्सिंग म्हणजे एकच खेळ नाही. पॉइंट फाइटिंगमध्ये टच झाला की थांबवून पॉइंट देतात, फुल कॉन्टॅक्टमध्ये किक कमरेच्या वर, लो किकमध्ये मांडीवर पण मारता येते, के-वन रूल्समध्ये गुडघा पण. त्यात वय आणि वजनाचे गट वेगळे, म्हणून एकाच स्पर्धेत गोल्ड ढीगभर निघतात. सगळ्यांना एकाच मापानं 'सुवर्णकन्या' म्हणून कसं चालेल? पुतणी रिंगमध्ये 2 मिनिटांचे 3 राउंड खेळून येते तेव्हा हाताच्या पट्ट्या घामानं इतक्या घट्ट बसलेल्या असतात की आईला दातानं गाठ सोडावी लागते.

आणि हे नुसतं कौतुकापुरतं नाही. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, बोगस सर्टिफिकेटची प्रकरणं आपण सगळ्यांनी वाचलीत, त्यात खऱ्या पोरांवर पण संशय येतो. म्हणून विनंती आहे, बातमी देताना प्रकार, वयोगट, वजनगट, एकूण एन्ट्री, किती फाइट जिंकल्या आणि आयोजक संघटना कुणाशी संलग्न, एवढं विचारूनच छापा. खेळाडूकडं ड्रॉ शीटचा फोटो मोबाईलमध्ये असतोच, मागितला की लगेच पाठवतील. जागा कमी पडत असेल तर हाराचा फोटो थोडा लहान करा.

आपला नियमित वाचक,
परभणी