मसुरीचे कोफ्ते

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

इस्तंबूलला मजेत आहे, तब्येत छान आहे. काल इथे एका काकूंकडे स्वयंपाक शिकायला गेले होते, तेव्हापासून तुम्हाला लिहायचं घोळतंय.

काकू राहतात काडिकॉयला, शहराच्या आशियाकडच्या भागात. बॉस्फरसची सामुद्रधुनी ओलांडून बोटीने गेले. आधी त्यांनी बाजार फिरवला: खारवलेली द्राक्षाची पानं, डाळिंबाचा आटवलेला आंबट रस आणि साल्चा, म्हणजे लाल मिरचीचा किंवा टोमॅटोचा घट्ट लगदा. साल्च्याशिवाय इथल्या स्वयंपाकघराचं पान हलत नाही. घरी आल्यावर कांदा-टोमॅटो भरलेली वांगी केली, भरपूर ऑलिव्ह तेलातली. ती गार करून खातात.

पण खरं सांगायचंय ते मसुरीच्या कोफ्त्यांबद्दल. ना मांस, ना अंडं, ना तळण. मसूर डाळ गरगट शिजवायची, गॅस बंद करायचा, त्यात बारीक बुलगुर घालून झाकण ठेवायचं. बुलगुर म्हणजे गहू आधी उकडून, वाळवून भरडलेला, म्हणून तो नुसत्या वाफेवर फुलतो. आई, आपला दलिया कच्चा असतो, तो वापरलास तर आधी मऊ शिजवून घे. मग तेलात परतलेला कांदा, साल्चा, जिरेपूड घालून कोमट असतानाच मळायचं. मी लवकर थांबले तर काकूंनी माझं मनगट धरून पुन्हा भांड्यात नेलं; दाणा हाताला लागेनासा होईपर्यंत मळायचं. शेवटी पातीचा कांदा, पार्सली, लिंबू. मुटक्यांसारखे मुठीत दाबायचे, बोटांचे ठसे तसेच ठेवायचे आणि लेट्यूसच्या पानात धरून खायचे.

पहिलाच घास जिभेवर विरघळला आणि बाबा, तुम्ही आठवलात. कवळी बसवल्यापासून तुम्ही वरणभातावर भागवता, आणि तुमच्या सोबतीने आईही तेवढंच खाते. माझ्या मनाला ते फार लागतं. दोघांनीही चवीने, पोटभर जेवावं असं वाटतं.

बुलगुर आणि साल्च्याची बरणी घेतली आहे. मे महिन्यात आले की मीच करीन. आई, तू ओट्याशी उभी राहायचं नाहीस, खुर्चीवर बसून चव सांगायची. आणि बाबा, कवळी अजून टोचत असेल तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. काय म्हणाले ते फोनवर सांगा.

तुमची,
ताई