नुसती चिठ्ठी नको, गाडीही द्या

महोदय,

गोवंडीच्या बैंगनवाडीत मी अकरा वर्षं आरोग्य सेविका म्हणून घरोघर फिरते. गेल्या पावसाळ्यात माझ्या गल्लीतल्या एका पहिलटकरणीला रात्री साडेअकराला कळा सुरू झाल्या. हिमोग्लोबिन ७.४, म्हणजे रक्त फारच कमी, पायांवर सूज. प्रसूतिगृहात नेलं, तर सिस्टरनी बीपी बघितलं आणि मोठ्या रुग्णालयात न्या म्हणून चिठ्ठी लिहून दिली. त्यांना मी दोष देत नाही. रक्तपेढी नाही, रात्री भूलतज्ज्ञ नाही, अशा ठिकाणी तिला ठेवून घेणंच धोक्याचं. पण गाडी? ड्रायव्हर सुट्टीवर. १०८ ला फोन लावला, थांबा म्हणाले.

शेवटी रिक्षा. मध्ये ती, एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला मी. लिंक रोडच्या प्रत्येक खड्ड्याला ती माझं मनगट आवळायची. बांगडीचा वळ दोन दिवस होता. तिथे पोहोचल्यावर पुन्हा केसपेपरची रांग, कारण आम्ही येतोय हे कुणी कळवलंच नव्हतं. बाळ दोन किलो शंभर ग्रॅमचं झालं, आठ दिवस काचेत होतं. दोघं वाचली.

माझी बहीण चेंबूरला स्वयंपाकाची कामं करते. तिच्या मॅडमच्या मुलीचं बाळंतपण त्याच महिन्यात झालं. डॉक्टर कोण, खोली कुठली, रक्त लागलं तर कुठून, सगळं सातव्या महिन्यातच ठरलेलं. आमच्यापासून रिक्षाने वीस मिनिटं!

जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी नेणं मोफत आहे. २०११ पासून. त्याचा फलक त्या प्रसूतिगृहाच्या भिंतीवरच आहे, जिना चढताना डाव्या हाताला. रिक्षाचे पैसे मात्र सासूने पदराची गाठ सोडून दिले.

रक्त कमी असलेली बाई आम्हाला ऐन वेळी कळते असं नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते, तिथेच कळते, कार्डावर लाल पेनाने लिहिलं जातं. मग तिला कुठे न्यायचं हे मध्यरात्री का ठरतं? सातव्या महिन्यातच मोठ्या रुग्णालयात तिचं नाव लागावं, पाठवण्याआधी तिथे फोन जावा, सोबत गाडी आणि एक सिस्टर असावी. एवढंच मागतेय.

सध्या माझ्या वहीत लाल पेनाची चार नावं आहेत. दोघींच्या तारखा गणपतीतल्या आहेत, आणि विसर्जनाला लिंक रोडवर रिक्षासुद्धा मिळत नाही.

— एक आरोग्य सेविका, गोवंडी