खोदण्याआधीच्या पाण्याचा कागद

प्रति,
माननीय पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री,
भारत सरकार

महोदय, स. न. वि. वि.

मी घणसोली गावठाणात राहतो. भोवती कारखाने आल्यावर काही वर्षांनी आमच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. बादली रात्रभर ठेवली की सकाळी तेलकट तवंग दिसे. वडील बाटलीत पाणी घेऊन एका कचेरीत गेले, तेव्हा साहेबांनी विचारले, "आधी पाणी कसे होते, याचा काही कागद आहे का?" कागद नव्हता. आता आमच्या नळाला मोरबे धरणाचे पाणी येते आणि विहिरीवर जाळी आहे.

हे आठवले, कारण सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये शेल वायू (शेल नावाच्या घट्ट खडकात अडकलेला नैसर्गिक वायू) आणि कोळशाच्या थरांतील मिथेन हा ज्वलनशील वायू शोधण्यास, कंपन्यांना तेल-वायूसाठी आधीच करारावर दिलेल्या क्षेत्रांतही मुभा दिली. पश्चिम बंगालमधील राणीगंज व मध्य प्रदेशातील सोहागपूर येथे असा मिथेन निघतोही आहे. तो सुटावा म्हणून थरातले पाणी आधी उपसावे लागते, आणि ते बहुधा खारे असते. शेल वायूसाठी उलट, लक्षावधी लिटर पाणी वाळू व रसायनांसह खडकात दाबाने सोडतात. वायूच्या विहिरीतील पोलादी नळीभोवतीचे सिमेंट कच्चे राहिले तर खालचा मिथेन भूजलात शिरू शकतो. त्याला रंग नाही, वासही नाही. (स्वयंपाकाच्या गॅसचा वास मुद्दाम मिसळलेला असतो.)

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, डिमॉक येथे, १ जानेवारी २००९ रोजी एका घराच्या पाण्याच्या विहिरीत मिथेनचा स्फोट होऊन काँक्रीटचे झाकण उडाले. मिथेन पाण्यात पूर्वीपासूनच होता, असे तिथे शेल वायूसाठी खोदणाऱ्या कंपनीचे म्हणणे पडले आणि वाद वर्षानुवर्षे रेंगाळला. आमच्या साहेबांचा प्रश्न तिकडेही होताच म्हणायचा. २०१२ च्या कायद्याने त्या राज्याने पुराव्याचे ओझे कंपनीवर टाकले: शेल वायूच्या विहिरीपासून अडीच हजार फुटांच्या आत, काम झाल्यापासून बारा महिन्यांत पाणी बिघडल्यास दोष कंपनीचा धरला जातो, आणि तो खोडायचा तर कंपनीला आधीच्या तपासणीसारखा पुरावा दाखवावा लागतो. त्यामुळे आधी पाणी तपासून घेण्याची गरज कंपनीलाच भासते.

असाच नियम आपण करावा, ही विनंती. खोदकामापूर्वी आसपासच्या विहिरी, बोअर व हातपंपांचे पाणी स्वतंत्र प्रयोगशाळेकडून तपासावे, मिथेन, क्लोराइड (खारेपणाची खूण) व बेरियम (खोल खडकातल्या पाण्यात आढळणारा धातू) यांचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत आणि अहवालाची सहीशिक्क्याची प्रत विहीरमालकाच्या हाती द्यावी. वायू काढण्यास माझा विरोध नाही. माझ्याही घरी पाइपचा गॅस आहे.

आपला नम्र,
घणसोली गावठाणातील एक रहिवासी