पिकअपच्या सामानाबद्दल, इंदूरहून

इंदूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पिकअपच्या चेसिसवर (सांगाड्यावर) गाडी उभी करायला तू केलेली सामानाची यादी नीट वाचली. इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसरीचा, मागचा एक्सल तिसरीचा, आणि सगळं कंपनीचं. एकेक नग पाहिला तर नाव ठेवायला जागा नाही. पण कोणता नग कशाला नि कसा जोडायचा हे यादीत कुठेच नाही, आणि पैसे बुडतात ते त्या जोडावरच.

अमेरिकेत फोर्डच्या चेसिसवर कमिन्सचं ५.९ लिटरचं इंजिन आणि मागे ॲलिसनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, असली सरमिसळ हौसेने करतात. तिकडे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायच्या प्लेटा तयार विकत मिळतात. आपल्याकडे प्लेट लेथवर करून घ्यावी लागते. ती जरा सरकली तरी क्रँक (इंजिनाचा फिरता दांडा) आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (आत जाणारा दांडा) एका रेषेत राहत नाहीत. मग क्लच प्लेटीच्या स्प्लाइन (आतल्या खाचा) झिजतात, इनपुट शाफ्टच्या टोकाचं पायलट बेअरिंग ओरडतं आणि खापर गिअरबॉक्सवर फुटतं. डायल गेज (बारीक फरक दाखवणारं मोजमापाचं घड्याळ) क्रँकला बांधून बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या घराच्या) भोकात पूर्ण फेरी फिरवली तर एकूण फरक ०.२ मिलिमीटरच्या आत हवा.

म्हणून माझं स्पष्ट मत ऐक. इंजिन, फ्लायव्हील, क्लच, गिअरबॉक्स, वायरिंग हे सगळं एकाच मॉडेलच्या एकाच गाडीतून उचल. तुझी चेसिस बोलेरो पिकअपची आहे, तर तिचंच २५२३ सीसीचं इंजिन शोध. कॉमन रेलचं (कॉम्प्युटरने डिझेल सोडणारं) मिळालं तर ईसीयू (तो कॉम्प्युटर), अख्खा हार्नेस (तारांचा जुडगा), ॲक्सिलरेटर पेडल, इमोबिलायझर (चोरीरोधक यंत्रणा) आणि किल्लीसुद्धा त्याच गाडीची घे. यातलं एक राहिलं तरी स्टार्टर फिरेल, पण इंजिन चालू होणार नाही किंवा धड चालणार नाही. आणि आरसीवरच्या मूळ नोंदींशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे अडतो. तेव्हा इंजिन विकत घेण्याआधी आरटीओत विचार.

सरमिसळ करायचीच असेल तर प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या दांड्याच्या) मागे कर, तिथे बोल्टांचा फ्लँज (जोडायची चकती) जुळवणं सोपं. पण आतल्या क्राउन-पिनियन या दातेरी चाकांचे दात मोजल्याशिवाय एक्सल घेऊ नकोस. २१५/७५ आर १५ टायरचा घेर साधारण २.२ मीटर. ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला सहाशेच्या वर फिरतं. रेशो ४.१ असेल (४१ आणि १० दात) तर डायरेक्ट गिअरमध्ये (१:१) इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांच्या आत राहतं. ४१ आणि ८ दात असतील, म्हणजे ५.१२५, तर तेच ३,१०० वर जातं. वडोदऱ्याहून दाहोद-झाबुआमार्गे माल भरून इकडे येताना माछलिया घाट लागणार, त्यामुळे मी दुसरा रेशो घेईन, डिझेल थोडं जास्त गेलं तरी चालेल. क्राउन आणि पिनियन हा जोड आहे, दोन्हींवर कोरलेला नंबर एकच हवा. पुन्हा बसवताना क्रश स्पेसर (आवळताना दबणारी नळी) नवा, आणि बॅकलॅश (दातांमधली ढील) साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटर.

ब्रेकची तुझ्या यादीत एकच ओळ आहे, ते मला खटकलं. डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये (हवा आत घेण्याच्या वाटेत) ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला पुरेल असा व्हॅक्यूम नसतो, म्हणून वेगळा पंप लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीलाच असतो. जास्त अँपिअरचा म्हणून दुसरा अल्टरनेटर लावशील तर पंपही जाईल. दोन-तीनदा पाय मारलास की पेडल दगड होईल, आणि घाटाच्या उतारावर ते कळणं फार महागात पडेल. दुसरी गोष्ट मागच्या एक्सलवरच्या लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची. तो चेसिस आणि एक्सलमधलं अंतर पाहून वजन ओळखतो. पाट्याची (मागच्या स्प्रिंगची) एक जास्तीची पट्टी टाकलीस की गाडी मागून उचलली जाते, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि भरल्या गाडीतही तो मागचा ब्रेक कमी देतो. मग पुढचे पॅड वारंवार संपतात आणि कारण सापडत नाही. पट्टी वाढवलीस तर व्हॉल्व्हचा रॉड मॅन्युअलप्रमाणे सेट करून घे.

इंजिन उघडणार आहेस, तर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधला सांधा बंद करणारा पत्रा) ‘हे या गाडीचं’ एवढ्यावर घेऊ नकोस. डिझेलचं गॅस्केट बहुतेक वेळा दोन-तीन जाड्यांत येतं. कडेच्या खाचा किंवा भोकं मोजून जाडी ओळखायची. दोन जाड्यांतला फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा, कधी त्याहूनही कमी. ब्लॉकचा माथा साफ करून डायल गेज त्यावर शून्याला लाव, मग पिस्टन टीडीसीला (सर्वांत वरच्या जागी) आणून तो किती वर येतो ते बघ. मोजायचं ते गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेवर, दोन्ही टोकांना. इतर ठिकाणी पिस्टन डोलतो आणि आकडा फसवा येतो. चारही पिस्टनांतला सर्वांत मोठा आकडा धरून मॅन्युअलच्या तक्त्यातून गॅस्केट ठरव. पातळ बसलं तर पिस्टन हेडला लागू शकतो. जाड बसलं तर कॉम्प्रेशन उतरतं आणि थंडीत सकाळी पांढरा धूर सुटतो. अँगल टॉर्कचे (शेवटी ठरावीक अंश फिरवून आवळायचे) हेड बोल्ट असतील तर नवेच घे, ते ताणले गेलेले असतात.

इंजेक्टर काढलेस की खालचे तांब्याचे वॉशर बदल, जाडी मूळचीच. जाडीवर नोझल किती आत शिरतं ते ठरतं. कॉमन रेलमध्ये बॉशचे इंजेक्टर असतील तर प्रत्येकावरचा आयएमए कोड (त्याच इंजेक्टरचा मोजमापाचा कोड) स्कॅनरने ईसीयूत भरून घ्यावा लागतो. नाही भरला तर आयडलला ठोका आणि धूर, आणि मिस्त्री उगाच पंप उघडून बसतो.

थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारं पाणी उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायला कुणी सांगेल, उन्हाळ्याचं निमित्त करून. ऐकू नकोस. काही इंजिनांत तो काढला की पाणी रेडिएटर टाळून बायपासनेच फिरत राहतं आणि गाडी उलट जास्त तापते. फॅनचं काउल (भोवतीचं कवच) मात्र जरूर लाव.

‘कंपनीचं’ म्हणजे गाडीच्या कंपनीचाच डबा हवा असं नाही. मूळ पुरवठादाराचा डबा चालतो, बऱ्याचदा तोच माल स्वस्तात मिळतो. इथे छोट्या ग्वालटोलीत दुकानदार अजून ‘मायको’ म्हणूनच मागणी घेतात, नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळव, कारण तेवढ्यावरही आतला माल बदलतो. सील, गॅस्केट, क्लच, वॉटर पंप यांत हात आखडू नकोस. पाटे, दिवे, मडगार्ड बाजारातले घेतलेस तरी माझी हरकत नाही.

पिस्टनचे आठही आकडे आणि इंजिन नंबर कळव. गॅस्केट तिकडे मिळालं नाही तर इथून पाठवतो. तोवर हेडचे बोल्ट मागवू नकोस, लांबी आधी पडताळून घेऊ.

तुझा,
इंदूरकर मित्र